नखाएवढा वायफाय ॲडॉप्टर आणि चिऱ्याचं घर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर लगेच लक्षात येईल. चिपळूणजवळच्या गावात तुमचं जुनं चिऱ्याचं, म्हणजे जांभा दगडाचं, कौलारू घर आहे. फायबरचं कनेक्शन घेतलंय आणि मोडेम ओटीवर, टीव्हीच्या मागे बसवलाय. मुलगी बारावीला आहे. तिचा डेस्कटॉप माजघराच्या पलीकडच्या खोलीत, म्हणजे मध्ये दोन भिंती. तिचा ऑनलाइन क्लास मध्येच अडकतो, आवाज तुटतो. शिवाय माळ्यावरच्या खोलीत मोबाईलला वायफायची जेमतेम एक दांडी दिसते. दुकानदार म्हणाला, यूएसबीला लावायचा हा छोटा ॲडॉप्टर घ्या, रेंज वाढेल. तो घ्यावा का, आणि घेतला तर घरभर वायफाय पोचेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी सतरा वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात घरांची, शाळांची आणि छोट्या हॉटेलांची नेटवर्किंगची कामं करतोय. थोडक्यात उत्तर सांगतो. मुलीच्या कॉम्प्युटरला या ॲडॉप्टरचा उपयोग होऊ शकतो, पण तो कुठे आणि कसा लावता त्यावर सगळं अवलंबून आहे. माळ्यावरच्या मोबाईलला मात्र त्याचा काडीचाही उपयोग नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुकानात ते एकाच डबीत घालून विकले जातात. तुमच्या जागी मी असतो तर परीक्षेपर्यंतची सोय म्हणून ॲडॉप्टर लावला असता आणि त्याच महिन्यात एक वायर ओढून घेतली असती. असं का, ते सविस्तर लिहितो.

हा ॲडॉप्टर म्हणजे फक्त त्या एका कॉम्प्युटरचे कान आणि तोंड. मोडेम जे हवेत सोडतो ते वाढवण्याचं काम तो करत नाही. ओटीवरून कोणी हाक मारली आणि आतल्या खोलीतल्या माणसाला ऐकू आली नाही, तर आतल्या माणसाचे कान तीक्ष्ण करता येतात. पण त्याने माळ्यावर बसलेल्याला हाक जास्त ऐकू येईल का? आणि हाकेला ओ सुद्धा द्यावी लागते. वायफाय हे दोन्ही बाजूंचं बोलणं आहे. मोडेमचा आवाज मोठा, पण त्या नखाएवढ्या ॲडॉप्टरचा आवाज बारीक. अशा वेळी कॉम्प्युटरवर सिग्नल ठीक दिसतो आणि क्लासमध्ये मुलीचा आवाज मात्र समोर पोचत नाही. 'मला सगळं ऐकू येतंय, पण सर म्हणतात तुझं काहीच येत नाही' अशी मुलीची तक्रार असेल, तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

आता भिंतींबद्दल. चिऱ्याच्या भिंती नऊ इंचांपासून दीड फुटापर्यंत जाड असतात. जांभा हा लोहयुक्त आणि सच्छिद्र दगड आहे, तो पाणी धरून ठेवतो. सिग्नलची मोजणी डेसिबलमध्ये होते आणि त्यात एक साधा हिशेब आहे: १० डेसिबल घटले की ताकद दहावा हिस्सा उरते, २० घटले की शंभरावा. घरातलं वायफाय साधारण दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. माझ्या कामांत एका जाड चिऱ्याच्या भिंतीमागे २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल साधारण १० डेसिबलच्या आसपास पडलेला मी कितीदा तरी पाहिलाय. ५ गिगाहर्ट्झचा त्याहून जास्त पडतो. दोन भिंती म्हणजे शंभरावा हिस्सा, आणि अंतराची घट त्याच्यावर. पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की आणखी पडतो, कारण पाणी हे सिग्नल शोषून घेतं. 'एप्रिलपर्यंत छान चालायचं, जुलैपासून बिघडलं' असं सांगणारे फोन मला दरवर्षी येतात. त्यातल्या बऱ्याच घरांत यंत्रात काहीच बिघडलेलं नसतं, फक्त भिंती भिजलेल्या असतात.

पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ मोजणीला द्या. एवढं काम लोक टाळतात आणि नंतर कपाटात तीन-चार डबे गोळा होतात. अँड्रॉइड मोबाईलवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही फुकट ॲप घ्या, त्यात सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. आकडा उण्यात असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ पर्यंत व्हिडिओ क्लास निर्धास्त चालतो. उणे ७० ला रखडायला लागतो, आणि उणे ८० ला फक्त नावापुरतं जोडलेलं राहतं. मोडेमजवळ, माजघरात, मुलीच्या टेबलावर आणि माळ्यावर असे चार आकडे कागदावर लिहा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे वेगवेगळे लिहा. टेबलावर मोजताना मोबाईल हातात उंच धरू नका. कॉम्प्युटरचा डबा जिथे आहे तिथेच खाली ठेवून मोजा.

दुसरी मोजणी पिंगची, म्हणजे मोडेमला छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघण्याची. मुलीच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि मोडेमच्या पत्त्याला पिंग करा. हा पत्ता बऱ्याच ठिकाणी १९२.१६८.१.१ असतो, मोडेमच्या खालच्या स्टिकरवर छापलेला सापडेल. दोन-तीन मिनिटं चालू द्या. वेळ २ ते १० मिलिसेकंदांत स्थिर असेल तर घरातलं वायफाय ठीक आहे आणि दोष बाहेरच्या लाइनमध्ये शोधायला हवा. तशा स्थितीत जगातला कुठलाही ॲडॉप्टर कामाचा नाही. पण मोडेमपर्यंतच वेळ कधी ५, कधी ३००, मध्येच उत्तर नाही असं होत असेल, तर अडचण घरातल्या हवेत आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते, पण खात्री मोजूनच होईल.

हेही लक्षात घ्या की क्लासला वेग फारसा लागत नाही. तीन-चार एमबीपीएस (हे नेटच्या वेगाचं माप) सतत मिळाले तर व्हिडिओ व्यवस्थित चालतो. तुमचं कनेक्शन १०० चं आहे की ३०० चं, याने मुलीच्या क्लासला फरक पडणार नाही. तिला हवंय ते न तुटणारं नेट. म्हणून ॲडॉप्टरच्या खोक्यावरचे मोठाले आकडे पाहून निर्णय घेऊ नका.

डेस्कटॉपकडे वळू. सगळ्यात आधी त्याच्या मागे वाकून बघा. आधीपासून वायफाय असलेल्या कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला दोन छोटे सोनेरी आटे असतात. अँटेना तिथे फिरवून बसवायचे असतात, आणि कितीतरी घरांत ते खोक्यातच राहिलेले असतात. मागच्या वर्षी एका शिक्षकांच्या घरी गेलो, सोबत दोन ॲडॉप्टर घेऊन. मागे बघितलं तर आटे उघडे. माळ्यावरून कॉम्प्युटरचं खोकं काढलं, थर्माकोलच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन्ही अँटेना जसेच्या तसे. बसवले आणि क्लास चालू झाला. आणलेले ॲडॉप्टर परत घेऊन आलो.

असं काही नसेल, म्हणजे कॉम्प्युटरला आता एखादा जुना ॲडॉप्टरच लावलेला असेल किंवा काहीच नसेल, तर नवा घेणं रास्त आहे. बाजारात तो साधारण दोन रूपांत मिळतो. एक बोटाच्या पेराएवढा, पोर्टमध्ये घातला की जवळजवळ दिसतच नाही. दुसरा बाहेर काडीसारखा अँटेना असलेला. दुकानदार पहिला देतो कारण तो दिसायला नीटस आणि स्वस्त. तुमच्या घरासाठी मी दुसरा सांगेन. कारण आकाराचंच आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते. तिला नीट पकडायला अँटेना काही सेंटिमीटरचा तरी हवा. दोन सेंटिमीटरच्या डबीत तो दुमडून, मुरडून बसवावा लागतो आणि शिवाय कॉम्प्युटरच्या पत्र्याला चिकटून राहतो. मुंबईतल्या एका खोलीच्या घरात, मोडेम सात-आठ फुटांवर असेल तर या गोष्टीने काही बिघडत नाही, तिथे पेराएवढा ॲडॉप्टर छान काम करतो. तुमच्याकडे दोन चिऱ्याच्या भिंती आहेत.

लॅपटॉप वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. लॅपटॉपचे अँटेना झाकणात, स्क्रीनच्या कडेने बसवलेले असतात. ते उंचावर आणि मोकळे असतात, म्हणून चांगल्या लॅपटॉपला पेराएवढा ॲडॉप्टर लावला तर बऱ्याचदा रेंज उलट कमी होते. लॅपटॉप फार जुना असेल, फक्त २.४ वर चालणारा, किंवा आतलं कार्ड बिघडलेलं असेल, तरच तो लावावा.

खोक्यावर १५०, ६००, १३०० असे वेगाचे, एमबीपीएसमधले आकडे असतात. ६०० म्हणजे २.४ वरचे १५० आणि ५ वरचे ४३३ यांची बेरीज करून वर गोल केलेला आकडा. एका वेळी एकच मिळतो, तोही कागदावरचा. प्रत्यक्षात निम्मा आला तरी चांगलं म्हणायचं. खोक्यावर ५ गिगाहर्ट्झचा कुठेच उल्लेख नसेल तर तो फक्त २.४ वर चालतो असं धरून चाला, मग आकडा काहीही छापलेला असो. तुमच्या बाबतीत एक गंमत अशी की सध्या मुलीला २.४ च कामाला येणार आहे, कारण दोन भिंतींपलीकडे ५ पोचतच नसेल. आणि गावात २.४ ची हवा स्वच्छ असते. डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये माझ्या भावाच्या घरी ॲप उघडलं तर तीसेक नेटवर्क एकमेकांवर चढलेली दिसतात, तिथे २.४ वर भरवसा ठेवता येत नाही. तुमच्या वाडीत शेजारचं घर शंभर-दीडशे फुटांवर. मोडेमच्या सेटिंगमध्ये २.४ ला रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल (म्हणजे त्या पट्ट्यातली वाट) १, ६ किंवा ११ पैकी जे मोकळं दिसेल ते ठेवा. १२ किंवा १३ ठेवू नका. आपल्याकडे ते चालतात, पण काही ॲडॉप्टरना ते दिसतच नाहीत आणि माणूस तासभर शोधत बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ॲडॉप्टर लावायचा कुठे. मागच्या पोर्टमध्ये थेट लावू नका. त्याच्यासोबत यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घ्या, दीड-दोन मीटरची, शंभर-दीडशे रुपयांत मिळते. ॲडॉप्टर टेबलाच्या वर, उघड्यावर, जमलं तर दाराच्या चौकटीच्या दिशेने आणा. गुहागर रोडला एका घरी असंच होतं. डबा टेबलाच्या खालच्या कप्प्यात, मागे चिऱ्याची भिंत, बाजूला लोखंडी कपाट, आणि ॲडॉप्टर डब्याच्या मागच्या पोर्टात. म्हणजे चारही बाजूंनी दगड आणि पत्रा. विंडोजच्या कोपऱ्यात एक दांडी. मी कप्प्यात हात घालून ॲडॉप्टर काढला, एक्स्टेन्शनला लावला आणि हातात धरून खोलीत हळूहळू फिरवला. पिंग चालूच ठेवलं होतं. कप्प्यात दोन-तीनशेवर उड्या मारणारे आकडे टेबलावर आल्यावर चाळीसवर आले. दाराच्या चौकटीपाशी नेला तसे पाच-सहावर येऊन थांबले. ॲडॉप्टर तोच, कॉम्प्युटर तोच, मोडेम तिथेच. चौकटीला चिकटपट्टीने लावून दिला, आजही तिथेच आहे. घराच्या आत सिग्नल बराचसा दारांमधूनच ये-जा करतो. भिंतीतून जातो तो उरलासुरला.

आणखी एक बारीक गोष्ट. कॉम्प्युटरला निळ्या रंगाचे यूएसबी पोर्ट असतात, जलद चालणारे. त्यांना हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह लावून डेटा चालू केला की त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात गोंगाट निघतो आणि शेजारी खोचलेला ॲडॉप्टर बहिरा होतो. इंटेलने २०१२ साली याच विषयावर सविस्तर तांत्रिक टिपण काढलं होतं. वायरलेस माउसचा रिसीव्हरही २.४ वरच चालतो. म्हणून ॲडॉप्टर या दोघांपासून लांब, आणि एक्स्टेन्शनवर. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ॲडॉप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अर्थाची खूण काढून टाका. दर वीस-पंचवीस मिनिटांनी क्लास आपोआप तुटतो, या तक्रारीमागे बऱ्याच वेळा ती खूण असते. ड्रायव्हरची छोटी सीडी येते आणि आजकाल सीडीचा ड्राइव्ह कोणाकडे नसतो. अशा वेळी मोबाईल यूएसबी वायरने कॉम्प्युटरला जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळेल, आणि कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून घ्या.

एवढं केलं की मुलीचा क्लास बहुधा मार्गी लागेल. बहुधा म्हणतोय, कारण तुमच्या दोन भिंतींना समोरासमोर दारं आहेत की नाहीत हे मला माहीत नाही. दारं एका रेषेत असतील तर काम सोपं. दारं वेगवेगळ्या टोकांना असतील तर ॲडॉप्टरची मर्यादा लवकर येईल.

आता मोडेमच्या जागेकडे. टीव्हीच्या मागे मोडेम ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर पत्रा धरणं. फायबर बसवायला येणारी मुलं घाईत असतात. जिथून वायर आत येते तिथेच खिळा ठोकतात, आणि त्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना दिवसाला ठरावीक घरं करायची असतात. जागा आपण सांगायला हवी. कौलारू घराचा एक मोठा फायदा आहे जो स्लॅबच्या घराला नाही: आतल्या भिंती पुष्कळदा कौलांपर्यंत पोचत नाहीत, वर वाशांखाली मोकळी पोकळी असते. मोडेम भिंतीच्या माथ्याजवळ, सात-आठ फुटांवर लावला तर सिग्नल भिंतींच्या वरून पलीकडे उतरतो. कौल मातीचं असतं, ते फार आडवं येत नाही. पण कौलांखाली पत्रा मारून घेतला असेल किंवा भिंती वरपर्यंत चढवून बंद केल्या असतील, तर हा फायदा मिळणार नाही.

त्याहून चांगलं म्हणजे मोडेम माजघरात आणणं. मग मुलीच्या खोलीला दोनाऐवजी एकच भिंत राहते, आणि माळा माजघरावर असेल तर तोही जवळ येतो. माळ्याची जमीन लाकडी फळ्यांची असेल तर फार चांगलं, लाकडातून सिग्नल सहज जातो. स्लॅब असेल तर त्यातल्या सळ्या अडवतात. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगितलं. मोडेम हलवायला फायबरची लांब पॅचकॉर्ड लागते, टोकाला हिरवा कनेक्टर असलेली. निळ्या टोकाची आणू नका. दोन्हीच्या टोकांचा कोन वेगळा असतो, ती हिरव्याच्या जागी चालत नाही. फायबर खिळ्याभोवती आवळून वळवू नका, वळण निदान चहाच्या बशीएवढं मोठं ठेवा. मोडेमवर लाल दिवा लागला तर समजा की कुठेतरी ती मुडपली आहे किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही. कनेक्टरच्या टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोकावून बघू नका. मनात धाकधूक असेल तर कंपनीच्या माणसाला बोलवा, दोन-तीनशे रुपयांत करून देतो.

यानंतर मी ज्या वायरबद्दल सुरुवातीला म्हटलं ती. डेस्कटॉप जागचा हलत नाही. जे हलत नाही त्याला वायर द्यावी, असं मी प्रत्येक घरी सांगतो, आणि कौलारू घरात तर ती देणं सगळ्यात सोपं. भिंतीला भोक पाडायचीही गरज नाही. वायर भिंतीच्या माथ्यावरून, वाशांच्या बाजूने पलीकडच्या खोलीत उतरवता येते. कॅट ६ प्रकारची लॅन वायर, म्हणजे नेटवर्कची वायर घ्या. ती १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला पंधरा-वीस पुरेल. विकत घेताना टोकाची एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी, चंदेरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर आहे, दोन वळणांत तुटते. आतपर्यंत लालसर हवी. आणि वायर पीव्हीसी पट्टीतून किंवा पाइपमधूनच न्या. आपल्याकडे माळ्यावर उंदीर असतातच आणि उघडी लॅन वायर त्यांना फार आवडते. एका शाळेत मी एकाच वर्षात तीन वेळा वायर बदलली. चौथ्यांदा पाइप घातला, त्यानंतर फोन आला नाही.

ही वायर मुलीच्या कॉम्प्युटरला लागली की क्लासचा प्रश्न मिटतो, मग पाऊस असो की भिंत ओली असो. आणि माळ्याच्या मोबाईलचा प्रश्नही त्याच वायरने सुटू शकतो. तिच्या टोकाला, मुलीच्या खोलीत किंवा थेट माळ्यावर, एक ॲक्सेस पॉइंट लावायचा, म्हणजे वायरने आलेलं नेट तिथे वायफाय करून सोडणारा डबा. घरात जुना राउटर पडलेला असेल तर तोही चालेल. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर आधी त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मोडेमशी टक्कर होणार नाही. मग डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, ते मोडेमच करतो) बंद करा, आणि मोडेमकडून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट घेण्याच्या) न लावता लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडण्याच्या) लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड मोडेमसारखाच ठेवा, चॅनेल वेगळं ठेवा. मोडेम १ वर असेल तर हा ११ वर. मुलीचा कॉम्प्युटर याच राउटरच्या दुसऱ्या लॅन पोर्टाला. अशी एकच वायर दोन्ही खोल्यांना पुरते.

काहीजण इथे रिपीटर सुचवतील, भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा. तो वाईट नाही, पण तो मोडेमचं ऐकून तेच पुन्हा बोलतो. एकाच पट्ट्यावर हे चाललं की वेग निम्मा होतो. आणि लोक तो रेंज नसलेल्या खोलीत लावतात, जिथे त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही. लावायचाच तर माजघरात, जिथे सिग्नल उणे ६० च्या आसपास आहे तिथे लावा. मेश, म्हणजे एकमेकांशी जोडून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, हे त्याचंच अधिक हुशार रूप आहे, पण चिऱ्याच्या भिंतींसमोर बिनवायरीचा मेशही दमतो. वायर जोडलेला मेश उत्तम, फक्त तुमच्या गरजेला तो महाग पडेल.

ॲडॉप्टरने घरात वायफाय पसरवता येतच नाही का? एका प्रकारे येतं. कॉम्प्युटरला वायरने नेट मिळत असेल तर त्याच ॲडॉप्टरवरून विंडोजचा मोबाईल हॉटस्पॉट चालू करता येतो, आठ उपकरणांपर्यंत. म्हणजे वायर ओढल्यावर तुमचा आता घेतलेला ॲडॉप्टर वाया जाणार नाही, मुलीच्या खोलीतून माळ्याला तो थोडंफार नेट देऊ शकेल. पण कॉम्प्युटर सतत चालू ठेवावा लागतो. त्या हॉटस्पॉटवरच्या मोबाईलना घरातला प्रिंटर सहसा सापडत नाही, कारण त्यांचं नेटवर्क वेगळं होतं. आणि छोटा ॲडॉप्टर तासन्‌तास असं काम करताना चांगलाच तापतो. पाहुणे आले, चार दिवसांची गरज आहे, तर ठीक. रोजच्यासाठी जुना राउटर बरा.

खर्चाच्या क्रमाने सांगायचं तर आधी मोजणी आणि मोडेम टीव्हीमागून काढून उंचावर, याला पैसे लागत नाहीत. मग एक्स्टेन्शन वायर आणि बाहेरच्या अँटेनाचा ॲडॉप्टर, दोन्ही मिळून साधारण हजार-बाराशे रुपये. मग कॅट ६, पट्टी आणि जुना राउटर. मुलीची परीक्षा तोंडावर असेल तर पहिल्या दोन गोष्टी याच रविवारी करून टाका. परीक्षेला वेळ असेल तर ॲडॉप्टर सोडा, थेट वायरच ओढा.

विजेचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, या दोन्ही वेळी आपल्याकडे विजा जोरात होतात. फायबरमधून वीज येत नाही, पण मोडेमच्या अडॅप्टरमधून, म्हणजे घरातल्या वायरिंगमधून येते, आणि मग लॅन वायरने कॉम्प्युटरपर्यंत जाते. ढग गडगडायला लागले की मोडेमचा प्लग काढा आणि कॉम्प्युटरच्या मागची लॅन वायरही काढून ठेवा. मुलीलाही ही सवय लावा. मांगराकडे किंवा वेगळ्या इमारतीत नेट न्यायचं असेल तर लॅन वायर उघड्यावरून नेऊ नका, तिथे फायबरच टाका. आणि लाइट गेल्यावर क्लास बंद पडू नये म्हणून मोडेमला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावून घ्या. मात्र मोडेमच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचून घ्या, सगळे मोडेम १२ व्होल्टचेच असतात असं नाही.

चार ठिकाणचे डीबीएमचे आकडे, पिंग कसं येतंय, दोन भिंतींची दारं समोरासमोर आहेत का आणि माळ्याची जमीन फळ्यांची की स्लॅबची, एवढं लिहून कळवा. जमल्यास घराचा हाताने काढलेला नकाशा पाठवा, वहीच्या पानावर पेनाने काढला तरी चालेल. वायर कुठून उतरवायची आणि जुना राउटर नेमका कुठे टांगायचा, ते त्यावर खूण करून सांगतो.